ताजी संत्र्याची फोड रेझिनमध्ये टिकते का? नाही भौ

आपल्या वरुड-मोर्शी-काटोलकडं सध्या मुली संत्र्याच्या चकत्या रेझिनमध्ये (हार्डनर नावाचं दुसरं द्रव्य मिसळलं की काचेसारखं कडक होणारं पातळ द्रव्य) टाकून किचेन बनवतात, छान दिसतात, पण एक गोष्ट फार पसरलीय की रेझिननं हवा बंद झाली म्हणजे ताजं फळ जन्मभर तसंच राहते. हे चूक आहे. संत्र्यात जवळपास 87 टक्के पाणी असते, ते रेझिनबरोबरच आत अडकते. हवा नसली तरी फळातले एन्झाइम काम करत राहतात, अन् काही जंतूंना तर हवा लागतच नाही, म्हणून फोड तपकिरी पडते, गॅसचे बुडबुडे येतात, पाण्यामुळं फळाभोवतीचं रेझिन धुरकट अन् चिकट राहते. शिवाय रेझिन-हार्डनर मिसळलं की उष्णता निघते, जाड थरात तर फळ वाफाळतेच.

आधी वाळवा. आई वांग्याच्या चकत्या उन्हात वाळवते ना, तसंच, पातळ कापा, कडक होईस्तोवर वाळवा, मग डब्यात सिलिका जेलमध्ये (ओल शोषणारे दाणे) काही दिवस ठेवा, ब्रशनं रेझिनचा एक हात द्या म्हणजे आतली हवा बुडबुडे करत नाही, अन् मगच पातळ पातळ थर ओता. तूर, ज्वारीचे दाणे वाळलेलेच असतात, नवीन माणसानं तिथूनच सुरुवात करावी. अन् तयार झालेलं किचेन उन्हात ठेवू नका, रेझिन पिवळं पडते.