वेशी गेल्या, नावं राहिली: सोलापूरच्या जुन्या खुणांची गोष्ट

सोलापुरात रिक्षावाल्याला नुसतं 'तुळजापूर वेस' म्हणा, बरोबर नेऊन सोडतो, पण उतरून वेस शोधाल तर कुठंच नाही, दुकानं, हातगाड्या न् ट्रॅफिक. विजापूर वेस, बाळीवेस, सगळीकडं तेच. जुन्या गावाला तट होता, वेशीतून रस्ते बाहेर पडायचे, ज्या गावाला रस्ता जायचा त्याचंच नाव वेशीला. गाव वाढलं तसा तट पाडला, वेशी पण गेल्या.

किल्ला तेवढा टिकला. बहमनी काळातला भुईकोट, दुहेरी तटाचा, एका अंगाला सिद्धेश्वर तलाव न् बाकी बाजूंनी खंदक. मे 1818 मध्ये इंग्रजांच्या मन्रोनं तो पेशव्यांच्या फौजेकडून जिंकला. आता तो केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडं आहे, आणि कायद्यात 2010 ला झालेल्या दुरुस्तीनंतर अशा संरक्षित वास्तूपासून 100 मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही. म्हणजे कागदावर नाव असल्याचा फायदा झालाच.

गिरण्यांचं तसं नाही झालं. 1860 ला रेल्वे आली, 1877 ला जुनी मिल सुरू झाली, मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, पूर्वेकडच्या पेठांत घराघरात माग खडखडायला लागले, अख्खं गाव भोंग्यावर उठायचं न् झोपायचं. इतकं सगळं ज्यांच्यामुळं झालं त्या गिरण्या बंद पडल्यावर त्यांच्याकडं वारसा म्हणून बघितलंच नाही कुणी, फक्त मोक्याची जागा म्हणून बघितलं, याचं मला खरंच वाईट वाटतं. 'जुनी मिल कंपाउंड' हा पत्ता मात्र अजून चालतो.

वारद यांची इंद्रभुवन ही जुनी इमारत वाचली कारण तिथं महापालिकेचं ऑफिस आलं. रोज वापर असला की गळकं छत कुणाच्या तरी डोळ्याला दिसतं, साधी गोष्ट आहे. आमच्या आजीच्या घराला माळवद होतं, म्हणजे मातीचं सपाट छप्पर, सागवानी तुळया, वर लाकडी किलचा न् त्यावर पांढऱ्या मातीचा थर, दर उन्हाळ्यात पावसाआधी नवी माती चोपायची, एप्रिलच्या उन्हात पण आत गार. सगळे पुण्याला गेलो, दोन पावसाळे माती पडली नाही, तिसऱ्याला मधली खोली बसली. तुळया लाकडाच्या भावात गेल्या.

म्हणून रोजच्या नाही तरी दरवर्षीच्या वापरानं जुना रस्ता कसा जपला जातो ते बघायचं असेल तर संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत या. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांनी गावाभोवती 68 लिंगं स्थापन केली असं मानतात, आणि सात नंदीध्वज, म्हणजे यात्रेतल्या मानाच्या काठ्या, मानकरी हिरेहब्बूंच्या वाड्यातून निघून त्या लिंगांना तैलाभिषेक करत फिरतात. ही काठी उंच आणि जड, गल्लीत आडवी करता येत नाही, त्यामुळं मार्गावर कुणी काही वाढवून ठेवलं तर ते आधी हलवावंच लागतं. नकाशात नसलं तरी कुठून वळायचं ते मानकऱ्यांना पाठ असतं. लहानपणी ओट्यावर उभं राहून बघायचो, पांढऱ्या बाराबंदीतला माणूस काठी पेलून पुढं आला की माणसं भिंतीला चिकटायची, वर कुणीतरी बांबूनं वायर उचलून धरायचं न् काठी खालून सरळ निघून जायची.