पाणी प्यायल्याने बाळंतिणीचं पोट सुटत नाही

"बाळंतिणीला पाणी कमी द्या, नाहीतर पोट सुटतं." ऊसतोडीला गेलेल्या बायकांच्या कोपीवरही (झोपडीवरही) हेच ऐकू येतं.

पोट दिसतं हे खरंच, पण ते ताणलेल्या स्नायूंमुळे आणि वाढलेल्या गर्भाशयामुळे. गर्भाशय पूर्ववत व्हायला साधारण ६ आठवडे लागतात. प्यालेलं पाणी पोटात साठून राहत नाही. उलट आईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणीच असतं आणि ते तिच्याच अंगातून जातं. त्यात फडातलं ऊन. पाणी तोडलं की बद्धकोष्ठ होतं, लघवीला जळजळ होते.

खात्री करायची तर लघवीचा रंग बघा. फिकट असेल तर ठीक. गर्द पिवळा असेल तर पाणी कमी पडतंय. पाजायला बसताना शेजारी भरलेला तांब्या असू द्या. पाणी टँकरचं असेल तर उकळून गार केलेलं.