गुणवत्ता मंडळ

एकाच विभागात काम करणाऱ्या, साधारणपणे पाच ते दहा कामगारांचा स्वेच्छेने जमणारा अभ्यासगट. आपल्याच कामातली एखादी अडचण निवडणे, तिची आकडेवारी गोळा करणे, कारणे शोधणे आणि उपाय ठरवून शक्यतो स्वतःच अंमलात आणणे, असे त्याचे काम चालते. कारखान्यांत तो ‘क्वालिटी सर्कल’ या नावानेच ओळखला जातो. नावात गुणवत्ता असली तरी आरंभीचा हेतू शिक्षणाचा होता : फोरमन (कामगारांवरील पर्यवेक्षक) व कामगार यांनी एकत्र बसून वाचावे आणि वाचलेले यंत्रावर पडताळून पाहावे, एवढीच मूळ अपेक्षा होती.

उगम : या पद्धतीचे जनकत्व वादग्रस्त आहे. रूढ समजुतीनुसार ती अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांच्या १९५० मधील जपानमधल्या व्याख्यानांतून निघाली. ही व्याख्याने जपानी शास्त्रज्ञ व अभियंते संघाने (स्थापना १९४६) आयोजित केली होती. मात्र त्यांचे श्रोते प्रामुख्याने अभियंते व कंपन्यांचे प्रमुख होते. १९५४ मध्ये आलेले अमेरिकी गुणवत्तातज्ज्ञ जोसेफ जुरान यांचा रोखही व्यवस्थापकांकडेच होता. यंत्रावरचा कामगार या दोघांच्याही वर्गात नव्हता.

दुसरे मत दुसऱ्या महायुद्धकाळातील अमेरिकी ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ (१९४०–४५) या कार्यक्रमाला श्रेय देते. नवख्या कामगारांना लवकर तयार करण्यासाठी पर्यवेक्षकांना त्यात चार पायऱ्यांची रीत शिकवीत : कामगाराची तयारी करून घेणे, काम करून दाखविणे, त्याच्याकडून करवून घेणे आणि नंतर लक्ष ठेवणे. कामाचे बारीक तुकडे पाडून प्रत्येकाला ‘हे का?’ असे विचारण्याचा एक स्वतंत्र अभ्यासक्रमही त्यात होता. अमेरिकेने व्यापलेल्या जपानमध्ये हा कार्यक्रम १९५० च्या आसपास आला आणि झपाट्याने पसरला. या मताकडे दुर्लक्ष करता येत नाही. पण तो कार्यक्रम एकेकट्या पर्यवेक्षकासाठी होता. गट, आकडेवारी आणि स्वाध्याय हे मंडळाचे तिन्ही विशेष त्यात एकत्र आढळत नाहीत.

म्हणून प्रत्यक्ष आरंभ टोकियोतच मानणे अधिक सयुक्तिक ठरते. वर उल्लेखिलेल्या शास्त्रज्ञ व अभियंते संघाने १९५६ मध्ये फोरमनसाठी रेडिओवर गुणवत्ता नियंत्रणाचे पाठ सुरू केले होते. एप्रिल १९६२ मध्ये त्याने ‘गेम्बा तो क्यूसी’ (कार्यस्थळ आणि गुणवत्ता नियंत्रण) हे नियतकालिक काढले. टोकियो विद्यापीठातील प्राध्यापक काओरू इशिकावा (१९१५–८९) यांच्या पुढाकाराने निघालेल्या या नियतकालिकाची किंमत मुद्दाम अल्प ठेवलेली होती. फोरमनला ते स्वतःच्या खिशातून घेता यावे, हा त्यामागचा विचार. वाचकांनी मंडळे करून ती संघाकडे नोंदवावीत, असे आवाहन नियतकालिकाने केले. पहिली नोंद त्याच वर्षी मे महिन्यात जपानच्या सार्वजनिक दूरसंचार महामंडळातील मात्सुयामा येथील गटाची झाली. नोंदणीपूर्वीही असे गट कोठे कोठे असावेत. त्यामुळे १९६२ हे वर्ष पद्धतीच्या जन्माचे नव्हे, तर तिच्या नोंदीचे समजावे.

माशाच्या काट्यासारखी दिसणारी कारण-परिणाम आकृती मंडळांचे सर्वांत ओळखीचे साधन आहे. तिच्या कालनिर्णयातही घोळ आहे. १९४३ मध्ये कावासाकी पोलाद कारखान्यातील अभियंत्यांना समजावून सांगताना इशिकावांनी ती प्रथम काढली, असे सांगितले जाते. कावासाकी स्टील ही स्वतंत्र कंपनी मात्र १९५० मध्ये वेगळी झाली; तेव्हा १९४३ चा उल्लेख खरा असला तरी कंपनीचे नाव मागाहून जोडलेले असणार. कारखान्यातील पद्धतशीर वापरासाठी काही लेखक १९५२ हे वर्ष देतात. पहिले रेखाटन आणि पहिला वापर या दोन गोष्टी वेगळ्या धरल्या, तर दोन्ही वर्षे एकमेकांना छेद देत नाहीत.

साधने : वरील आकृतीसह तपासणी तक्ता, पॅरेटो आलेख (कारणे उतरत्या क्रमाने मांडणारा), स्तंभालेख, विखुरण आलेख (दोन राशींचा संबंध दाखविणारा), नियंत्रण तक्ता (मोजमापे ठरलेल्या मर्यादांत आहेत का हे दाखविणारा) व वर्गीकरण मिळून ‘सात साधने’ होतात. बहुतेक कामांना कागद, पेन्सिल व शालेय अंकगणित पुरते.

प्रसार व अपयश : जुरान यांनी १९६६ मध्ये स्टॉकहोम येथील परिषदेत या मंडळांची ओळख युरोपला करून दिली. अमेरिकेत लॉकहीड या विमाननिर्मात्या कंपनीच्या क्षेपणास्त्र विभागात १९७४ मध्ये ती सुरू झाली आणि पुढील दहा वर्षांत त्यांचे वेडच लागले. ओहोटीही तितक्याच वेगाने आली. व्यवस्थापनाचे अभ्यासक एडवर्ड लॉलर व सुझन मोहरमन यांनी १९८५ मध्ये दाखविल्याप्रमाणे सोपे प्रश्न संपले, मधल्या फळीतील व्यवस्थापकांनी सूचना अडवून धरल्या आणि मंडळे निस्तेज झाली. इलेक्ट्रोमेशन या अमेरिकी कंपनीच्या १९९२ मधील प्रकरणात तर मालकाने नेमलेल्या कामगार समित्या अमेरिकेच्या १९३५ च्या कामगार संबंध कायद्याचा भंग ठरल्या. ती नेमकी गुणवत्ता मंडळे नव्हती, तरी मालकपुरस्कृत गटांभोवतीची कायदेशीर शंका त्यामुळे गडद झाली.

मुळातील स्वेच्छेवरच जपानमध्ये प्रश्न उभा राहिला. टोयोटाच्या एका तरुण कर्मचाऱ्याच्या अतिश्रमाने झालेल्या मृत्यूच्या खटल्यात नागोया जिल्हा न्यायालयाने २००७ मध्ये मंडळाच्या कामात गेलेला वेळ हा कामाचाच वेळ धरला. कंपनीने पुढच्या वर्षी त्या वेळेचे पूर्ण वेतन देण्याचे ठरविले. शिकण्याला पगार लागू झाला की ते स्वेच्छेचे राहत नाही, अशी तक्रार काही व्यवस्थापनतज्ज्ञ करतात. परंतु पाळी सुटल्यावर थांबून केलेले ते शिक्षण वरिष्ठांच्या नजरेखाली होत असेल, तर न्यायालयाचा दृष्टिकोन अधिक वास्तववादी वाटतो.

भारतात : हैदराबादजवळील रामचंद्रपुरम येथील भारत हेवी इलेक्ट्रिकल्स (भेल) कारखान्यात पहिली मंडळे निघाली. वर्ष काही नोंदींत १९८०, तर काहींत १९८१ असे येते. योजना आणि प्रत्यक्ष आरंभ यांतील अंतर हे त्याचे कारण असावे. एस. आर. उडपा यांचे नाव या उपक्रमाशी जोडलेले आहे. १९८२ मध्ये क्वालिटी सर्कल फोरम ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली. तिचे मुख्यालय सिकंदराबादला आहे. महाराष्ट्रात पुणे-पिंपरी-चिंचवड पट्ट्यातील वाहन व सुट्या भागांच्या कारखान्यांत पद्धत चांगली रुजली. संस्थेच्या पुणे शाखेच्या संमेलनांत मंडळे आपली कामे व्यासपीठावर सादर करतात आणि निकाल लागतात. स्पर्धेची ही बाजू आता इतकी ठळक झाली आहे की काही ठिकाणी वर्षभराचा अभ्यास सादरीकरणाच्या तारखेभोवतीच फिरतो. मंडळांत बहुधा कायम कामगारच असतात. वार्षिक औद्योगिक पाहणीनुसार अलीकडे देशातील नोंदणीकृत कारखान्यांतील कामगारांपैकी सुमारे ४० टक्के कंत्राटी आहेत; म्हणजे एवढा मोठा वर्ग बहुधा मंडळांबाहेरच राहतो.