उकियो-ए चित्रांतील विनोदी मुद्रा

उकियो-ए म्हणजे जपानमध्ये एडो काळात (१६०३–१८६८) बहराला आलेली, लाकडी ठशांवरून छापलेली चित्रे. त्यांतील बहुतेक चेहरे निर्विकार असतात. डोळ्यांच्या जागी बारीक रेघा, नाकाची एक आकडी, इवलेसे तोंड. एका सुंदरीला झाकावे आणि दुसरीला काढावे. म्हणूनच या चित्रांत कोणी डोळे वटारले किंवा तोंड वेंगाडले की नजर तिथेच अडकते.

अशा मुद्रांचा मोठा साठा काबुकी या जपानी पारंपरिक रंगभूमीवरून आला. प्रसंग रंगात आला की नट ‘मिए’ घेतो, म्हणजे मान फिरवून एकदम थिजतो, बुबुळे तिरळी करतो, ओठांचे कोपरे खाली ओढतो. रंगमंचावर याचा दरारा वाटतो, पण तोच चेहरा हातातल्या कागदावर पाहताना हसू फुटते. चित्रकार तोशुसाई शाराकुने ही गंमत अचूक पकडली. १७९४ च्या मे महिन्यात प्रकाशक त्सुताया जुझाबुरोने त्याची अभ्रकाच्या चमकदार पार्श्वभूमीवरची २८ मोठी मुखचित्रे एकदम बाजारात आणली. त्यांपैकी गुंड एडोबेईच्या भूमिकेतला ओतानी ओनिजी (तिसरा) आज सर्वांत प्रसिद्ध आहे: पुढे काढलेली हनुवटी, आवळलेले ओठ आणि छातीशी फाकलेले, चेहऱ्याच्या मानाने फारच लहान पंजे. स्त्री-भूमिका करणाऱ्या पुरुष नटांचे राठ जबडेही त्याने झाकले नाहीत. चाहत्यांना आपला नट देखणा हवा असतो. शाराकु जेमतेम दहा महिने टिकला. फार खरे काढायला गेला म्हणून त्याचे चालले नाही, असा शेरा लेखक ओता नानपोने मारून ठेवला आहे.

यात कोरक्याचाही वाटा आहे. चित्रकार फक्त रेखाटन देई. चेरीच्या फळीवर चेहरा आणि केस कोरण्याचे काम मुख्य कारागिराकडे असे. भुवईची रेघ केसभर सरकली तरी राग जाऊन गोंधळलेपण यायचे.

चित्रकार होकुसाईच्या ‘मांगा’ या रेखाटनसंग्रहात (पहिला खंड १८१४) नट नाहीत, साधी माणसे आहेत. जाडे, रोडके, वाकुल्या दाखवणारे असे सगळे त्याच्या पानांवर दाटीवाटीने बसवलेले दिसतात.

१८४२ मध्ये तेम्पो सुधारणांखाली, म्हणजे चैनीला आळा घालणाऱ्या सरकारी नियमांखाली, नटांची व गणिकांची चित्रे छापण्यास बंदी आली आणि विनोदाला वेगळीच धार चढली. चित्रकार उतागावा कुनियोशीने काही वर्षांनी गोदामाच्या भिंतीवर कोणी खिळ्याने ओरखडे काढावेत तशी नटांची तोंडे छापली. नावे नाहीत, रेघा पोरकट, तरी एडोकरांना (एडो म्हणजे आजचे टोकियो) कोण कोण ते लगेच कळे. मधोमध एक मांजर नाचते आहे. त्याच सुमाराच्या दुसऱ्या चित्रात एक उग्र चेहरा आहे. नीट पाहिले तर नाक, भुवया, गाल सगळे एकमेकांवर चढलेल्या उघड्या माणसांचे. शेजारच्या मजकुराचा आशय असा, की पुष्कळ जणांनी मिळून अखेर एक भला माणूस तयार केला.