डाळ शिजेना, म्हणून जार

सोलापूर जिल्ह्यात पाण्याची पहिली तपासणी चुलीवर होते. बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ चार शिट्ट्या जास्त घेऊनही दाताखाली येते, तेव्हा घरातली बाई म्हणते, "पाणी जड आहे." निदान अचूक असतं. काळ्या खडकाच्या भेगांतून मुरताना पाणी कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार उचलतं. डाळीच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणारं पेक्टिन या कॅल्शियममुळे आणखी घट्ट होतं आणि डाळ फुटत नाही.

पण चुलीला सगळं कळत नाही. खतांतून आणि शौचखड्ड्यांतून झिरपलेलं नायट्रेट डाळ अडवत नाही, चवीलाही सहसा लागत नाही. भारतीय मानकानुसार त्याची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम. ते फार वाढलेलं पाणी तान्ह्या बाळाच्या पोटात गेलं, तर रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद घटते. उकळून ते जात नाही. पाणी आटतं, नायट्रेट तेवढंच राहतं.

मंगळवेढ्याच्या दक्षिणेला एका गावात मी 'फिल्टरचं पाणी' विकणाऱ्या एका काकूंकडे बसलो होतो. पत्र्याची खोली, ताशी 500 लिटरचं आरओ यंत्र, पाच रुपयांचं नाणं टाकलं की वीस लिटरचा जार भरतो. कैरीच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सुटतं ना, ते पाणी आपणहून मिठाकडे धावतं. आरओत याच्या उलट: पंपाने दाब देऊन खारट बाजूचं पाणी पडद्यातून पलीकडे ढकलतात, क्षार अलीकडे राहतात. नायट्रेटही बरंचसं अडतं.

गावात याआधीही एक यंत्र आलं होतं, फुकट. नारळ फुटला, फोटो निघाले, पुढे मोटर जळाली आणि दुरुस्तीचं बिल कुणाचं यावर गाडं अडलं. काकूंची मोटर जळाली तर संध्याकाळपर्यंत मेकॅनिक येतो, कारण त्यांची चूल तिच्यावर पेटते. माझ्या मते पडद्याइतकंच हेही यंत्राचा भाग आहे.

हिशेब मात्र नाजूक. दिवसाला 100 जार गेले तर 500 रुपये. 2,000 लिटरला चार तास यंत्र चालतं. बोअरची मोटर आणि पंप मिळून दोन किलोवॅट धरले तर आठ युनिट वीज. उरलेल्यातून फिल्टरची काडतुसं, दोन-तीन वर्षांनी नवा पडदा आणि घरखर्च. दिवसाचे जार तीसवर आले की सगळं कोलमडतं. म्हणून फक्त पिण्या-स्वयंपाकापुरतं पाणी विकत, बाकी वापराचं नळाचं, अशीच ही वाटणी टिकते. ज्याला पाच रुपयेही जड आहेत त्याच्यासाठी ग्रामपंचायतीची टाकी आणि जंतू मारणारी टीसीएल, म्हणजे क्लोरीनची पावडर लागणारच. दुकान त्यांची जागा घेऊ शकत नाही.

एक दुखणं मागच्या दाराने वाहतं. निम्मं पाणी शुद्ध निघालं, तर लिटरला 1,200 मिलिग्रॅम क्षारांच्या पाण्याचं उरलेलं निम्मं जवळपास 2,300 चं होतं. ते भांडी-फरशीला चालेल. रोज एकाच जागी मातीत सोडलं तर झाडं करपतील.

दुसरं दुखणं दिसत नाही. क्लोरीनने पडदा खराब होतो, म्हणून पाण्यात क्लोरीन असलं तर ते कोळशाच्या फिल्टरने आधीच काढतात. परिणामी जारमधल्या पाण्याला राखणदार नसतो. जार घाण असेल किंवा कुणी हात बुडवून पेला भरला, तर जंतू निवांत वाढतात. टीडीएस मीटर विरघळलेले क्षार सांगतं, जंतू नाही. त्यासाठी काकूंकडे एचटूएसची बाटली आहे: पाणी भरायचं, दीड-दोन दिवस ठेवायचं, काळं पडलं तर विष्ठेतले जंतू मिसळल्याचा संशय. ही स्वस्त चाचणी 1982 मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी मांडली. तिला ऊब लागते, आणि उबेची सोलापुरात टंचाई नाही.

आम्ही बोलत असताना एक पोरगा जार घेऊन आला. आतून हिरवट थर. काकूंनी नाण्याच्या फटीवर हात ठेवला.

"आधी वाळू घालून खुळखुळून आण जा."

"काकू, आई वरडंल, उशीर झाला म्हणून."

"तिलाच पाठव मग."

पोरगा कुरकुरत हापशाकडे गेला.