दॅटसन झेडमध्ये अमेरिकन व्ही-८ : कॅलिफोर्नियातली रेफरी तपासणी, पात्रता आणि कागदपत्रं

१९७० च्या दशकात सॅन होजेमध्ये 'स्कॅरॅब' नावाची एक छोटी कंपनी दॅटसन झेड या जपानी स्पोर्ट्स कारमध्ये शेव्हरोलेचं आठ सिलिंडरचं व्ही-८ इंजिन बसवून द्यायची. म्हणजे जपानी अंगात अमेरिकन काळीज घालण्याचा हा नाद सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियाला पन्नास वर्षांपासून आहे. त्याचं कारणही सरळ आहे. २४०झेडचं मूळ २.४ लिटरचं सहा सिलिंडर इंजिन १५१ अश्वशक्तीचं. १९९८ ते २००२ च्या शेव्हरोले कमॅरोमधलं एलएस-१ हे अ‍ॅल्युमिनियमचं ५.७ लिटर इंजिन तीनशेच्या वर अश्वशक्ती देतं आणि तरी पुढच्या चाकांवर फारसा जास्तीचा भार येत नाही. साधारण हजार-अकराशे किलोच्या गाडीत एवढा जोर आला की काय होतं, ते एकदा बसून पाहिल्याशिवाय कळत नाही.

इंजिन बसवणं हे अर्धंच काम. उरलेलं अर्धं सरकारी आहे, आणि इथल्या आपल्या मराठी मित्रमंडळींपैकी बरेच जण तिथेच अडकतात, कारण ते इंजिन आधी घेतात आणि नियम नंतर वाचतात. म्हणून क्रम उलटा करून सांगतो.

सर्वात आधी गाडीचं मॉडेल वर्ष

कॅलिफोर्नियात पेट्रोलवर चालणाऱ्या १९७५ किंवा त्याआधीच्या मॉडेलच्या गाड्यांना स्मॉग चेकची, म्हणजे प्रदूषण तपासणीची, सक्ती नाही. म्हणजे २४०झेड (१९७० ते १९७३), २६०झेड (१९७४) आणि १९७५ ची २८०झेड सुटली. १९७६, १९७७ आणि १९७८ च्या २८०झेडला मात्र दर दोन वर्षांनी आणि मालकी बदलताना स्मॉग चेक लागतोच. दिसायला जवळजवळ सारख्याच गाड्या, पण कायद्याच्या नजरेत दोन वेगळी जगं. बाजारात १९७५ च्या गाडीची चौकशी जास्त होते ती यामुळेच.

इथे एक बारकावा आहे. दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर गाडी कोणत्या महिन्यात बांधली ते लिहिलेलं असतं. १९७५ च्या अखेरीस बांधलेली गाडी कागदोपत्री १९७६ चं मॉडेल असू शकते. डीएमव्हीच्या, म्हणजे राज्याच्या वाहन नोंदणी खात्याच्या, नोंदीत जे मॉडेल वर्ष आहे तेच धरलं जातं, म्हणून विकणाऱ्याच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. पिंक स्लिप, म्हणजे मालकीचा कागद, स्वतः हातात घेऊन वाचा. त्यावरचा चेसिस क्रमांक, डॅशबोर्डवरची पट्टी आणि इंजिनामागच्या पत्र्यावर ठोकलेला क्रमांक, तिन्ही जुळले पाहिजेत. २४०झेड आणि २८०झेडचा क्रमांक एचएलएस३० ने सुरू होतो, २६०झेडचा आरएलएस३० ने.

१९७५ पर्यंतच्या गाडीला रेफरीकडे, म्हणजे इंजिन बदललेल्या गाड्या तपासणाऱ्या राज्याच्या तपासनिसाकडे, जावं लागत नाही. पण तपासणीतून सूट म्हणजे प्रदूषण रोखणारे भाग काढून फेकायची परवानगी नव्हे. तो कायदा वेगळा आहे आणि तो जुन्या गाड्यांनाही लागू आहे. सायलेन्सरच्या आवाजाची ९५ डेसिबलची मर्यादाही वर्ष बघत नाही. व्ही-८ ला मोकळे पाइप लावून निघालात तर पोलीस थांबवतील, आणि त्यात त्यांची काही चूक नाही.

१९७६ आणि त्यानंतरच्या गाडीसाठी इंजिन कोणतं चालतं

हा खरा मुद्दा, त्यामुळे इथे थोडं थांबू. राज्याची ब्युरो ऑफ ऑटोमोटिव्ह रिपेअर ही संस्था इंजिन बदलाचे नियम ठरवते. पहिला नियम असा की इंजिन गाडीच्याच वर्षाचं किंवा त्याहून नवीन हवं. १९७७ च्या २८०झेडमध्ये १९७० चं शेव्हरोलेचं जुनं 'स्मॉल ब्लॉक' व्ही-८ बसवलं तर ते पास होणार नाही, मग ते कितीही सुंदर बांधलेलं असो.

दुसरा नियम वाहनाच्या वर्गाचा, आणि सगळ्यात जास्त लोक इथे फसतात. प्रवासी गाडीत प्रवासी गाडीचंच इंजिन हवं. भंगार यार्डात सर्वात स्वस्त मिळतं ते शेव्हरोलेच्या सिल्व्हराडो किंवा टाहोमधलं एलएम-७, ५.३ लिटरचं लोखंडी ब्लॉकवालं. ते टिकाऊ आहे, सुटे भागही भरपूर मिळतात. पण ते ट्रकचं आहे. बाहेरच्या राज्यांत बनवलेले व्हिडिओ पाहून ते उचललेले लोक मला दरवर्षी भेटतात, आणि प्रत्येकाला हेच सांगावं लागतं की बाबा, हे इथे चालणार नाही.

तिसरा नियम: गाडी कॅलिफोर्निया प्रमाणपत्राची असेल तर इंजिनही कॅलिफोर्निया प्रमाणपत्राचंच लागतं. ज्या गाडीतून इंजिन काढलं, तिच्या बॉनेटखाली उत्सर्जनाचं लेबल असतं आणि त्यावर हे स्पष्ट लिहिलेलं असतं. यार्डात गेलात की इंजिनाआधी त्या लेबलाचा फोटो काढा. डोनर गाडीचा चेसिस क्रमांकही टिपून ठेवा. गाडी एकदा चेपली गेली की हा पुरावा पुन्हा मिळत नाही.

चौथा नियम म्हणजे इंजिनासोबत त्याचा सगळा संसार यायला हवा. कॉम्प्युटर, वायरिंग हार्नेस, सगळे सेन्सर, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, इंधनाची वाफ पकडणारा चारकोल कॅनिस्टर, डॅशबोर्डवर पेटणारा चेक इंजिन दिवा आणि तपासणीचं यंत्र जोडायचा पोर्ट. कमॅरोच्या एलएस-१ ला चार ऑक्सिजन सेन्सर असतात, दोन कन्व्हर्टरच्या आधी आणि दोन नंतर. मागचे दोन कॉम्प्युटरमधून बंद करून टाकायची युक्ती कोणी सुचवली तर ऐकू नका. कन्व्हर्टर मूळ गाडीत जितके होते तितके आणि मॅनिफोल्डपासून शक्य तितक्या त्याच अंतरावर ठेवा. झेडमध्ये डाव्या बाजूला स्टिअरिंगचा दांडा मध्ये येतो म्हणून लोक लांब नळ्यांचे हेडर (मॅनिफोल्डऐवजी बसवायच्या एक्झॉस्टच्या नळ्या) लावून कन्व्हर्टर मागे सरकवतात, आणि रेफरीची नजर नेमकी तिथेच जाते.

कॅम, इनटेक, हेडर असा बाहेरचा कुठलाही भाग लावलात तर त्याला कॅलिफोर्निया एअर रिसोर्सेस बोर्डाचा 'एक्झिक्युटिव्ह ऑर्डर' क्रमांक हवा, आणि तो तुमच्या इंजिनाला लागू असायला हवा. जनरल मोटर्सची 'ई-रॉड' नावाची पॅकेजेस याच कारणासाठी आहेत: कन्व्हर्टर, सेन्सर आणि कॉम्प्युटरसकट. त्यांचा ऑर्डरही ठरावीक वर्षांपर्यंतच्या गाड्यांनाच लागू असतो. महाग पडतात, पण ज्याला शोधाशोधीला वेळ नाही त्याने हाच रस्ता धरावा असं माझं मत आहे.

माझदा आरएक्स-७ चं रोटरी इंजिन काढून त्यात एलएस-१ सारखं व्ही-८ घालणाऱ्यांनाही हेच सगळं लागू आहे. १९९३ ते १९९५ च्या आरएक्स-७ ला तर वर्षाच्या सवलतीची आशाच नाही. पस्तीस वर्षांहून जुन्या संग्राह्य गाड्यांना सूट देणारं विधेयक, ज्याला लोक टीव्ही कलाकार जे लेनो यांच्या नावावरून 'लेनो कायदा' म्हणत होते, ते २०२५ मध्ये मंजूर झालं नाही.

अपॉइंटमेंट आणि कागदपत्रं

इंजिन बदललेल्या गाडीची पहिली तपासणी साध्या स्मॉग केंद्रावर होत नाही. त्यासाठी राज्याने नेमलेला रेफरी असतो, आणि त्याची केंद्रं बहुतेक कम्युनिटी कॉलेजांच्या आवारात आहेत. रेफरीच्या कॉल सेंटरमधून किंवा ऑनलाइन वेळ घ्यायची. इंजिन बदललं आहे हे वेळ घेतानाच सांगा.

जाताना डीएमव्हीची नोंदणी किंवा मालकीचा कागद, नूतनीकरणाची नोटीस आली असेल तर ती, इंजिनखरेदीची पावती, डोनर गाडीचं वर्ष, मॉडेल, चेसिस क्रमांक आणि लेबलाचा फोटो, कन्व्हर्टरच्या व इतर भागांच्या पावत्या आणि एक्झिक्युटिव्ह ऑर्डरच्या छापील प्रती न्या. आधी कुठे नापास झाला असाल तर तो अहवालही सोबत ठेवा. मी हे सगळं एका फाइलमध्ये, त्याच क्रमाने लावून नेतो. समोरचा माणूस तुमच्या गाडीखाली झोपून नळ्या मोजणार असतो, त्याला कागद शोधायला लावू नये.

गाडी पूर्ण तयार हवी. तेल गळत असेल, एक्झॉस्ट फुटला असेल, टायर गुळगुळीत झाले असतील तर चाचणी होत नाही.

माझी पहिली अपॉइंटमेंट वाया गेली ती अगदी क्षुल्लक गोष्टीमुळे. आदल्या रात्री एक वायर नीट करायला मी बॅटरी सोडवली होती. कॉम्प्युटरमधले स्वयंचाचणीचे सगळे निकाल, म्हणजे 'रेडिनेस मॉनिटर', त्यामुळे पुसले गेले. इंजिन उत्तम चालत होतं, पण यंत्राला सगळं 'अपूर्ण' दिसलं. त्यानंतर शहरात आणि हायवेवर आलटून पालटून काही दिवस गाडी चालवली, स्वस्तातल्या स्कॅनरने मॉनिटर पूर्ण झाल्याची खात्री केली आणि मग पुन्हा वेळ घेतली. तुम्ही बॅटरीला हात लावू नका.

नूतनीकरणाची तारीख जवळ आली आणि गाडी दोन वर्षांच्या स्मॉग चेकमध्ये नापास झाली, तर सगळी फी भरलेली असल्यास डीएमव्ही ५० डॉलरमध्ये ६० दिवसांचा तात्पुरता परवाना देते. तेवढ्यात दुरुस्ती उरकता येते.

भारतात न्यायची असेल तर

हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या मंडळींकडून हमखास येतो. आता २४०झेड पन्नास वर्षांची झाली, मग तिला गावी नेऊन व्हिंटेज म्हणून नोंदवता येईल का? केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुन्या वाहनाला 'व्हीए' अक्षरांची वेगळी नंबरप्लेट मिळते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, वैधता दहा वर्षं, आणि आयात केलेल्या गाडीसाठी बिल ऑफ एंट्री, म्हणजे सीमाशुल्काचा आयातीचा कागद, जोडावं लागतं. पण अट अशी की गाडी मूळ स्वरूपात असावी. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. म्हणजे व्ही-८ घातलेली झेड या नियमात बसत नाही. मनात पुढेमागे गाडी भारतात नेण्याचा विचार असेल तर मूळ सहा सिलिंडर इंजिन विकू नका. तेलात घोळवून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून गॅरेजच्या कोपऱ्यात ठेवा. व्ही-८ बसवताना पत्रा कापायची वेळ येणार असेल तर तेव्हाही हा विचार करा, कारण इंजिन परत बसवता येतं, कापलेली बॉडी मूळची होत नाही.

पास झाल्यावर

रेफरी दाराच्या चौकटीत एक लेबल लावतो. त्यावर आता गाडीत कोणतं इंजिन आहे त्याची नोंद असते. इथून पुढे दर दोन वर्षांचा स्मॉग चेक कुठल्याही साध्या केंद्रावर होतो, आणि तिथला तंत्रज्ञ लेबल वाचून त्या इंजिनाप्रमाणे तपासणी करतो. दाराला रंग द्यायचा असेल तर रंगाऱ्याला हे लेबल आधी दाखवून ठेवा. गाडी विकताना ते जागेवर आहे की नाही हे जाणकार गिऱ्हाईक सर्वात आधी बघतो. आणि हे इंजिन काढून तुम्ही आणखी वेगळ्या प्रकारचं बसवलंत, तर ते लेबल उपयोगाचं राहत नाही. नवी फाइल घेऊन पुन्हा रेफरीकडे जावं लागतं.