लेकरांना घेऊन रिद्धपूर, कौंडण्यपूर आणि गुरुकुंज
आमच्या गाडीच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नमस्कार.

दिवाळी झाली की आमच्याकडे विचारणा सुरू होते. शेगाव, लोणार, मेहकर, कारंजा एका दिवसात करायचं आहे, सोबत दोन लेकरं आहेत. गाडी तेवढी धावेलही, पण सहा वर्षांचं लेकरू तिसऱ्या देवळापाशीच रडकुंडीला येतं आणि त्याच्या लक्षात राहते ती फक्त रांग. म्हणून दहा वर्षांखालची मुलं सोबत असतील, तर आम्ही आमच्या अमरावती जिल्ह्यातली ही तीन ठिकाणं सुचवतो. अंतरं लहान आहेत आणि एरवी गर्दी बेताची असते. शिवाय आपल्या मातीत काय काय घडून गेलं, हे तिन्ही जागी मुलांना समजेल अशा रीतीनं सांगता येतं.

सकाळी रिद्धपूर

मोर्शी तालुक्यातलं हे गाव महानुभाव पंथाचं मोठं तीर्थ. पंथाचे प्रवर्तक श्रीचक्रधर स्वामी, आणि त्यांचे गुरू श्रीगोविंदप्रभू. गोविंदप्रभूंचा मुक्काम याच गावात होता. मुलांना पहिल्यांदा त्यांच्याबद्दलच सांगा. ते कुणाच्याही घरात शिरत, मनाला येईल ते खात, पोरांसोबत खेळत, मध्येच रुसत. गाव त्यांना 'राऊळ माय, राऊळ बाप' म्हणे. एवढे मोठे पुरुष आणि वागणं लहान मुलासारखं, हे ऐकलं की मुलं आपणहून पुढचं विचारतात.

चक्रधर स्वामी गेल्यावर त्यांचे अनुयायी गोविंदप्रभूंपाशी जमले. त्यांच्यातले म्हाइंभट गावोगाव फिरले. स्वामींना ज्यांनी पाहिलं, ऐकलं होतं, त्या प्रत्येकाला गाठून, विचारून त्यांनी आठवणी गोळा केल्या आणि १२७८ च्या सुमारास 'लीळाचरित्र' सिद्ध झालं. मराठी गद्याचा हा आद्य ग्रंथ. गावातलं वाजेश्वरी हे त्याच्या लेखनाचं स्थान मानतात. 'किती जुनं?' असं मुलं विचारतील तेव्हा सन सांगून भागत नाही. शिवाजी महाराजांच्या जन्माच्याही साडेतीनशे वर्षं आधीचं, असं सांगा. आद्य मराठी कवयित्री महदंबाही याच मेळ्यातल्या. म्हणूनच मराठी भाषेचं विद्यापीठ सरकारनं रिद्धपूरला सुरू केलं आहे. मोर्शी तालुक्यातल्या एका खेड्यात मराठीचं पहिलं मोठं पुस्तक लिहिलं गेलं, हे आपल्या भागातल्या प्रत्येक लेकराला ठाऊक असावं, असं आम्हाला फार वाटतं.

गाडीत करायचा एक खेळ सांगतो. महानुभावांनी आपल्या पोथ्या गुप्त लिप्यांमध्ये लिहून ठेवल्या. त्यांतली सकळ लिपी प्रसिद्ध आहे. एका अक्षराच्या जागी दुसरं अक्षर, आणि किल्ली ज्याला ठाऊक त्यालाच वाचता येणार. पंथाबाहेरच्या लोकांना त्या पोथ्या कित्येक शतकं वाचता आल्या नाहीत. मुलांना वही-पेन्सिल द्या आणि सोपी किल्ली करू द्या. वर्णमालेतलं पुढचं अक्षर घ्यायचं : क चा ख, म चा य, ल चा व. म्हणजे 'कमल'चं झालं 'खयव'. काना-मात्रा आहे तशीच ठेवायची. आजी-आबांचं नाव लिहून दाखवेपर्यंत रिद्धपूर येतं. थोड्या मोठ्या मुलांना चक्रधर स्वामींचा हत्तीचा दृष्टांत सांगा. जन्मांध माणसं हत्ती चाचपतात. कुणाच्या हाती पाय येतो, कुणाच्या कान, आणि ज्याला जे लागलं तोच हत्ती असं तो म्हणतो.

गावात राजमठ हे मुख्य स्थान. इतरही बरीच स्थानं आहेत, ती ओट्यांच्या रूपात. अमुक लीळा इथे घडली म्हणून तिथे ओटा बांधलेला असतो आणि भक्त त्यावर डोकं टेकवतात. आपल्या गावी ओटा बसायला असतो, त्यामुळे लेकरं धावत जाऊन त्यावर चढतात. गाडीतून उतरायच्या आधीच त्यांना समजावा : इथल्या ओट्यावर चढायचं नाही, बसायचं नाही, हात जोडायचे. समोरून कुणी 'दंडवत प्रणाम' म्हटलं, तर आपणही तसंच म्हणावं. मुलांना हे शब्द आवडतात आणि दिवसभर ते एकमेकांना म्हणत राहतात. सगळी स्थानं करायचा हट्ट धरू नका. राजमठ आणि जवळची दोन-तीन स्थानं झाली की पुरे.

दुपारी कौंडण्यपूर

तिवसा तालुक्यातलं वर्धेकाठचं गाव. पुराणातलं कुंडिनपूर ते हेच, असं मानतात : विदर्भाची राजधानी, भीष्मक राजाचं नगर, रुक्मिणीचं माहेर. श्रीकृष्णाला पत्र धाडणारी आणि अंबिकेच्या दर्शनाला म्हणून निघालेली रुक्मिणी मुलांना ठाऊक असतेच. ते अंबिकेचं देऊळ इथे दाखवतात. दमयंतीही विदर्भाचीच, त्यामुळे हंसाची गोष्ट इथे सांगायला हरकत नाही. विठ्ठल-रुक्मिणीचं मंदिर आहे आणि आषाढीला इथली पालखी पायी पंढरपूरला जाते. आपल्या भागातली जुनी माणसं या पालखीकडे लेक सासरी निघाल्याच्या मायेनं पाहतात.

'हे खरंच झालं का?' असं एखादं लेकरू विचारतंच. त्याला गप्प करू नका. रुक्मिणीची गोष्ट ग्रंथांत आहे आणि लोक ती मनापासून मानतात, असं सांगा. शिवाय १९६० नंतरच्या दशकात इथे उत्खनन झालं, तेव्हा सातवाहन काळातल्या आणि त्याहून जुन्या वस्तीच्या खुणा सापडल्या, हेही सांगा. दोन्ही गोष्टी मुलांना नीट कळतात. मनानं रचून काही सांगायचं नाही, अशी ताकीद आम्ही आमच्या ड्रायव्हरांना दिलेली आहे. माहीत नसेल तिथे ते तसं सांगतील.

नदीबद्दल मात्र कडक राहा. वर शिंभोऱ्याला अप्पर वर्धा धरण आहे. पावसाळ्यात आणि त्यानंतरही काही दिवस दारं उघडली की पाणी भराभर चढतं, आणि घाटाच्या पायऱ्या शेवाळलेल्या असतात. लेकराचा हात मोठ्या माणसाच्या हातातच हवा. पाय बुडवायचे तर पहिल्या पायरीवर, तेही पाणी संथ असेल तरच. पूर असेल त्या दिवशी आमचा ड्रायव्हर गाडी घाटाकडे नेणार नाही. कृपा करून आग्रह करू नका.

संध्याकाळी गुरुकुंज मोझरी

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा (१९०९ ते १९६८) आश्रम. अमरावती-नागपूर महामार्गालगतच असल्यामुळे परतीच्या वाटेवर सोयीचा. महाराजांची खंजिरी, त्यांची भजनं, १९४२ सालचा तुरुंगवास आणि ४१ अध्यायांची ग्रामगीता यांच्याबद्दल घरातली मोठी माणसं आमच्यापेक्षा चांगलं सांगतील. मुलांसाठी इथलं खरं आकर्षण म्हणजे सामुदायिक प्रार्थना. सगळ्यांनी ओळीत, एका शिस्तीत, शांत बसायचं. आधी दिवसभर मोकळं हुंदडायला मिळालं असेल, तर लहानगीही बसतात. तीन वर्षांखालच्या बाळाला घेऊन कडेला बसा, म्हणजे उठून जाणं सोपं पडतं. वेळ ऋतूप्रमाणे बदलू शकते, म्हणून आम्ही त्या दिवशी फोन करून विचारतो आणि मगच कौंडण्यपूरहून निघतो.

आश्विन वद्यात इथे पुण्यतिथी महोत्सव असतो. ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन श्रद्धांजली होते, लाखोंचा समुदाय स्तब्ध उभा राहतो. पाहावं असंच ते आहे, पण लहान मुलांना घेऊन त्या दिवशी येऊ नका. त्या गर्दीत गाडी दूर उभी करावी लागते आणि मुलं कडेवर घेऊन फार चालावं लागतं.

खाणं, ऊन, गाडी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. मार्च अर्धा सरला की दुपारी फरशी तापते आणि अनवाणी लेकरांचे पाय पोळतात. तेव्हा जाड मोजे सोबत घ्या. एप्रिल-मे महिन्यांत पाच वर्षांखालची मुलं असतील, तर आम्ही ही सहल घेत नाही.

निघताना तर्री-पोहे देऊ नका. मोर्शीकडच्या वळणांवर पोटात ढवळतं. साधे पोहे किंवा दशमी, आणि वाटेत मुरमुरे-फुटाणे. हंगाम असेल तर रस्त्याच्या कडेला संत्री मिळतात, ती जरूर घ्या. दुपारच्या जेवणाचा डबा घरून आणलात तर उत्तम, नाहीतर आदल्या दिवशी सांगा, पिठलं-भाकरीची सोय करू. पाण्याचा कॅन गाडीत असतो. उलटीसाठी पिशव्या, ओआरएसची पाकिटं आणि एक जास्तीची सतरंजीही असते. लेकराला पुढच्या सीटवर मांडीत घेऊन बसता येणार नाही, आजोबांचा कितीही लाडका असला तरी. एअरबॅग उघडली तर पहिला मार त्यालाच बसतो.

गाडी कुणाचीही ठरवा, पण पिवळी नंबर प्लेट पाहून ठरवा. पांढऱ्या पाटीच्या खाजगी गाडीला भाडं घेण्याचा परवाना नसतो आणि अपघात झाल्यास विमा कंपनी हात वर करू शकते. आमचं भाडं किलोमीटरवर आहे, टोल आणि पार्किंग वेगळं, आणि आकडा निघण्याआधी कागदावर लिहून देतो. एखादं ठिकाण मुलं दमल्यामुळे गाळलंत, तर तेवढे किलोमीटर आपोआप कमी होतात.

गाडी ठरवताना प्रत्येक मुलाचं वय, कुणाला गाडी लागते का, आणि आजी-आबांना पायऱ्या चढता येतात का, एवढं आम्हाला सांगा. ठिकाणांचा क्रम आणि निघायची वेळ त्यावरून ठरवू. रामटेकसाठी वेगळा दिवस ठेवावा लागतो, गडावर माकडं हातातली पिशवी ओढतात. त्या सहलीची माहिती दुकानात वेगळ्या कागदावर मिळेल.